टेम्पलेट होल (गोल्फ)

टेम्पलेट होल म्हणजे एखाद्या प्रसिद्ध गोल्फ होलच्या रचनेमागचे तत्त्व घेऊन दुसऱ्या मैदानावर, तेथील जमिनीला अनुसरून बांधलेले होल होय. मराठीत त्यास 'नमुना होल' किंवा 'अनुकृती होल' म्हणता येईल. स्कॉटलंड व इंग्लंडमधील काही नामवंत होलांना आदरांजली म्हणून अशी होल बांधण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड (१८५५–१९३९) यांनी सुरू केली. स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिक येथील 'रेडॅन' हे या पद्धतीने सर्वाधिक अनुकरण झालेल्या होलांपैकी एक आहे. मूळ होलचे बाह्य रूप जसेच्या तसे उतरवण्यापेक्षा, ते होल खेळाडूपुढे जो पेच टाकते तो नव्या जागी पुन्हा उभा करणे, हे यशस्वी टेम्पलेट होलचे लक्षण मानले जाते.

होलची रचना

गोल्फमध्ये 'होल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चेंडू ज्यात घालायचा ती जमिनीतील खळगी हा एक अर्थ, आणि पहिला फटका मारण्याच्या जागेपासून त्या खळगीपर्यंतचा संपूर्ण पट्टा हा दुसरा. या लेखात तो शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आहे. पूर्ण मैदानात अशी अठरा होल असतात. पहिला फटका मारण्याच्या जागेस 'टी' आणि खळगीभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीस 'ग्रीन' म्हणतात. वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना 'बंकर' म्हणतात. निपुण खेळाडूला एक होल पूर्ण करण्यास जितके फटके अपेक्षित असतात, त्या संख्येस 'पार' ही संज्ञा आहे. पार ३ च्या होलवर पहिल्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर पोहोचावा अशी अपेक्षा असते.

क्रिकेटची खेळपट्टी किंवा टेनिसचे मैदान ठरावीक मापाचे असते. गोल्फच्या मैदानाला असे बंधन नाही. जमिनीचे चढउतार, वाऱ्याची दिशा आणि मातीचा पोत यांनुसार प्रत्येक होल वेगळे घडते. त्यामुळे एका ठिकाणचे चांगले होल दुसरीकडे नेता येईल का, आणि नेताना त्यातील कोणती गोष्ट न्यायची, हा प्रश्न या खेळात विशेष महत्त्वाचा ठरतो.

मूळ रेडॅन

स्थान व नाव

नॉर्थ बेरिक हे एडिंबरोच्या पूर्वेस, फोर्थ नदीच्या मुखाशी समुद्रकिनारी वसलेले गाव आहे. तेथील वेस्ट लिंक्स या मैदानाचे पंधरावे होल म्हणजे रेडॅन. ते पार ३ चे असून त्याची लांबी सुमारे १९० यार्ड आहे.

रेडॅन ही तटबंदीच्या शास्त्रातील फ्रेंच संज्ञा आहे. शत्रूच्या दिशेने पुढे आलेल्या, दोन बाजू कोनात मिळालेल्या आणि मागून उघड्या असलेल्या तटास रेडॅन म्हणतात. आपल्याकडील किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोलाकार असतात. रेडॅनची टोकदार बाजू मात्र बाणाच्या अग्रासारखी पुढे आलेली असते. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोल येथील रशियनांच्या 'ग्रेट रेडॅन' या ठाण्यावर ब्रिटिश सैन्याने १८ जून व ८ सप्टेंबर १८५५ रोजी हल्ले केले. दोन्ही वेळा त्यांना मोठी हानी सोसून माघार घ्यावी लागली. त्या युद्धातून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याला नॉर्थ बेरिकच्या या होलचे ग्रीन त्या ठाण्यासारखे भासले व त्यावरून हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते.

रेडॅनचा पेच

रेडॅनचे ग्रीन उंचवट्यावर आहे आणि ते टीच्या रेषेत सरळ नसून तिरपे आहे. त्याचा जवळचा कोपरा उजवीकडे व दूरचा कोपरा डावीकडे येतो. ग्रीनच्या डाव्या-पुढच्या कडेला खोल बंकर आहे. ग्रीनचा उतार उजव्या-पुढच्या बाजूकडून डाव्या-मागच्या बाजूकडे, म्हणजे खेळाडूपासून दूर जाणारा आहे.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. बहुतेक ग्रीनचा उतार खेळाडूकडे असतो. त्यामुळे चेंडू पडल्यावर थांबण्यास मदत होते. रेडॅनवर मात्र ध्वजाच्या थेट दिशेने मारलेल्या चेंडूला आधी बंकर ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडून ग्रीनवर पडलेला चेंडू उताराने मागे घरंगळून जाण्याची शक्यता असते. समोर दिसणारा सरळ मार्ग असा दोन्ही बाजूंनी धोक्याचा ठरतो.

जाणता खेळाडू म्हणून ध्वजाकडे नेम धरत नाही. तो चेंडू ग्रीनच्या उजव्या-पुढच्या खांद्यावर टाकतो. तेथे टप्पा घेतलेला चेंडू उताराने डावीकडे वळत हळूहळू ध्वजाकडे जातो. उजवीकडून डावीकडे वळणारा फटका येथे विशेष उपयोगी पडतो. ज्याच्या अंगात तितके बळ नाही, तो चेंडू ग्रीनच्या अलीकडे उजव्या बाजूस ठेवून दुसऱ्या फटक्यात वर चढवू शकतो. त्याला एक फटका अधिक लागतो, परंतु बंकरचे संकट टळते. अशा रीतीने एकच होल निष्णात, मध्यम आणि दुर्बळ अशा तिन्ही प्रतींच्या खेळाडूंना आपापला मार्ग निवडायला लावते. पुढील काळातील रचनाकारांना रेडॅनविषयी जे आकर्षण वाटले त्याचे मूळ येथे आहे.

मॅकडोनल्ड यांचा प्रकल्प

मॅकडोनल्ड यांचा जन्म कॅनडात झाला व ते शिकागोत वाढले. १८७२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांना शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे आजोबांकडे पाठवण्यात आले. तेथे ओल्ड टॉम मॉरिस यांच्यासारख्या खेळाडूंच्या सहवासात त्यांना गोल्फची गोडी लागली. पुढे शिकागो गोल्फ क्लबच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १८९५ मध्ये झालेली पहिली अधिकृत अमेरिकी हौशी अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी जिंकली.

त्या काळी अमेरिकेत मैदाने झपाट्याने वाढत होती, परंतु त्यांपैकी पुष्कळ घाईने आखलेली होती. ब्रिटनमधील समुद्रकाठच्या मैदानांची सर त्यांना येत नाही, असे मॅकडोनल्ड यांचे मत होते. १९०१ मध्ये लंडनच्या 'गोल्फ इलस्ट्रेटेड' या नियतकालिकात ब्रिटनमधील सर्वोत्तम होल कोणती याविषयी चर्चा झाली. या चर्चेतून त्यांना कल्पना सुचली की, उत्तमोत्तम होलांचे गुण एकत्र आणून अमेरिकेत एक आदर्श मैदान उभारावे.

त्यासाठी त्यांनी ब्रिटनचे अनेक दौरे केले, प्रसिद्ध होलांचे नकाशे मिळवले आणि स्वतः रेखाटने केली. सत्तर संस्थापक सभासदांकडून प्रत्येकी १,००० डॉलर घेऊन निधी उभा करण्याची योजना आखली. न्यूयॉर्कच्या पूर्वेस, लाँग आयलंडवरील साउदॅम्प्टनजवळ सुमारे २०५ एकर जमीन निवडण्यात आली. तिची मोजणी करण्यासाठी सेथ रेनॉर (१८७४–१९२६) या स्थानिक अभियंत्याची नेमणूक झाली. रेनॉर यांना गोल्फची फारशी माहिती नव्हती, पण जमिनीची उंचसखल रूपे अचूक मोजणे व ती बांधून काढणे यांत ते प्रवीण होते. या मैदानाचे, म्हणजे 'नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका'चे, औपचारिक उद्घाटन १९११ मध्ये झाले. १९२२ मध्ये पहिली वॉकर चषक स्पर्धा येथेच खेळली गेली.

अमेरिकेतील रेडॅन

नॅशनलचे चौथे होल रेडॅन आहे. त्याची लांबी सुमारे १९५ यार्ड, म्हणजे मूळ होलच्या जवळपास तितकीच आहे. मॅकडोनल्ड यांनी रेडॅनचे तत्त्व थोडक्यात असे मांडले होते: एक अरुंद, सपाट उंचवटा घ्यावा, त्याला उजवीकडून डावीकडे किंचित कलते करावे, पुढच्या बाजूस खोल बंकर खणावा आणि टी अशी ठेवावी की खेळाडूला त्या उंचवट्याकडे तिरप्या दिशेने यावे लागेल. या वर्णनात समुद्र नाही, गाव नाही, किंवा स्कॉटलंडचा काहीही विशेष नाही. उरले आहेत ते चार घटक व त्यांचे परस्परांशी असलेले नाते.

नॅशनलच्या जागेत असा उंचवटा नैसर्गिकरीत्या उपलब्ध होता. त्यामुळे जमिनीवर होल लादण्याऐवजी होलसाठी योग्य जमीन शोधणे शक्य झाले. मॅकडोनल्ड यांनी मूळ रचनेत एक बदलही केला. नॉर्थ बेरिकच्या टीवरून मध्ये येणाऱ्या वरंब्यामुळे ग्रीनचा बराचसा भाग दिसत नाही. नॅशनलमध्ये टी उंचावर असल्याने ग्रीन, बंकर व उतार खेळाडूच्या नजरेसमोर स्पष्ट राहतात. धोका दिसत असूनही नेम कोठे धरावा हा निर्णय अवघडच राहतो. या कारणास्तव अनेक समीक्षक नॅशनलच्या रेडॅनला मूळ होलपेक्षाही सरस मानतात. काही जाणकारांना मात्र मूळ होलचे अर्धवट झाकलेले ग्रीन हाच त्याचा प्राण वाटतो.

घटकांचा पर्याय

मूळ होलमधील एखादा घटक नव्या जागी नसेल, तर त्याचे कार्य करणारा दुसरा घटक योजणे हा या पद्धतीचा महत्त्वाचा भाग आहे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील सतरावे होल, म्हणजेच 'रोड होल', याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे टीसमोर उजव्या कोपऱ्यावर रेल्वेच्या शेड होत्या आणि ग्रीनच्या मागे खरोखरीचा रस्ता आहे. शेडवरून फटका मारण्याचे धाडस करणाऱ्याला पुढचा मार्ग सोपा होतो, आणि ग्रीनच्या पलीकडे गेलेला चेंडू रस्त्यावर अडकतो.

लाँग आयलंडवर ना रेल्वेच्या शेड होत्या, ना रस्ता. नॅशनलच्या सातव्या होलवर मॅकडोनल्ड यांनी शेडच्या जागी वाळूचा विस्तीर्ण पट्टा ठेवला व रस्त्याच्या जागी बंकर खणला. दृश्य पूर्णपणे बदलले, परंतु कोपरा ओलांडण्याचा मोह आणि ग्रीनच्या मागची शिक्षा या दोन्ही गोष्टी टिकल्या. शब्दशः भाषांतर आणि भावानुवाद यांत जो फरक असतो, तोच येथे दिसून येतो.

अन्य प्रमुख नमुने

रेडॅन व रोड होल यांखेरीज पुढील होलांचे नमुने विशेष प्रसिद्ध आहेत.

आल्प्स: मूळ होल स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथील सतरावे. मध्ये येणाऱ्या उंच टेकाडामुळे दुसरा फटका ग्रीन न दिसता मारावा लागतो. नॅशनलचे तिसरे होल या नमुन्यावर आहे.

ईडन: मूळ होल सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील अकरावे, पार ३. ग्रीनचा खेळाडूकडे असलेला तीव्र उतार आणि पुढचे खोल बंकर ही त्याची वैशिष्ट्ये. नॅशनलचे तेरावे होल त्यावर आधारलेले आहे.

सहारा: मूळ होल इंग्लंडमधील रॉयल सेंट जॉर्जेस येथील. वाळूचा मोठा प्रदेश ओलांडण्याचे आव्हान हे त्याचे सूत्र. नॅशनलचे दुसरे होल या नावाचे आहे.

बियारिट्स: फ्रान्समधील बियारिट्स येथील एका होलवरून घेतलेला नमुना. लांब पार ३ आणि ग्रीनला आडवी छेदणारी खोल घळ ही त्याची ओळख.

केप: हा नमुना कोणत्याही ब्रिटिश होलवरून घेतलेला नाही. तो मॅकडोनल्ड यांनीच नॅशनलच्या चौदाव्या होलसाठी कल्पिला. पुढे त्याचीच अनुकरणे झाली व अनुकृतीच्या मैदानावर जन्मलेले होल स्वतः मूळ ठरले.

प्रसार

नॅशनलनंतर मॅकडोनल्ड यांनी थोडीच मैदाने आखली. नमुने देशभर नेण्याचे काम प्रामुख्याने रेनॉर यांनी केले. त्यांनी आखलेल्या बहुतेक मैदानांत रेडॅन, ईडन, शॉर्ट व बियारिट्स हे पार ३ चे चार नमुने आढळतात. १९२६ मध्ये रेनॉर यांचे निधन झाल्यावर त्यांचे सहकारी चार्ल्स बँक्स यांनी ही परंपरा पुढे चालवली. बँक्स हे पूर्वी कनेक्टिकटमधील हॉचकिस या शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. रेनॉर त्या शाळेचे मैदान बांधण्यास आले असता दोघांची ओळख झाली व बँक्स यांनी अध्यापन सोडून हा व्यवसाय स्वीकारला.

शिकागो गोल्फ क्लबचे सातवे, येल विद्यापीठाच्या मैदानाचे तेरावे आणि शिनेकॉक हिल्सचे सातवे होल ही रेडॅनची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. या गुरुशिष्यपरंपरेबाहेरील रचनाकारांनीही रेडॅन बांधले. ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांनी न्यू जर्सीतील सॉमरसेट हिल्स येथे बांधलेले दुसरे होल त्यांपैकी एक होय. जेथे जमिनीचा कल उलटा असतो, तेथे डावीकडून उजवीकडे उतरणारे ग्रीन बांधतात. त्यास 'उलटा रेडॅन' म्हणतात.

अनुकृती कोठे फसते

रेडॅनचा आकार उतरवणे तुलनेने सोपे असते. तो खेळण्याजोगा ठेवणे अवघड असते. याची प्रमुख कारणे दोन आहेत.

पहिले कारण मातीचे. समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवर जमीन वाळूमिश्रित असते, पाण्याचा निचरा लवकर होतो आणि गवत आखूड व टणक राहते. अशा जमिनीवर चेंडू टप्पा घेऊन दूरवर घरंगळतो. देशाच्या अंतर्भागातील चिकणमातीवर, विशेषतः भरपूर पाणी दिल्यास, चेंडू पडतो तेथेच रुततो. मग उजव्या खांद्यावर टाकलेला चेंडू ध्वजाकडे वळत नाही आणि ध्वजावर थेट मारलेला चेंडू मागे जात नाही. उतार, बंकर व तिरपेपणा तंतोतंत असूनही रेडॅनचा पेच नाहीसा होतो. म्हणून टेम्पलेट होलची प्रतिष्ठा रचनाकाराइतकीच मैदानाची रोजची निगा राखणाऱ्यांवर अवलंबून असते.

दुसरे कारण ग्रीनच्या वेगाचे. हे नमुने घडले तेव्हा ग्रीनवरील गवत आजच्याइतके बारीक कापले जात नसे. चेंडू संथ चाले, म्हणून तीव्र उतारही खेळता येत असे. आधुनिक यंत्रांनी कापलेल्या व लाटलेल्या ग्रीनवर तोच उतार अन्यायकारक ठरू शकतो. २००४ च्या यूएस ओपन स्पर्धेत शिनेकॉक हिल्सच्या रेडॅनवर याचा प्रत्यय आला. अखेरच्या दिवशी ग्रीन इतके कोरडे व वेगवान झाले होते की आरंभीच्या खेळाडूंना चेंडू त्यावर थोपवता येईना. अखेर खेळ सुरू असतानाच, खेळाडूंच्या गटांमधील वेळात ग्रीनवर पाणी मारावे लागले. पहिल्या प्रकारात जमीन फार मऊ असल्याने होल निष्प्रभ होते. दुसऱ्यात ती फार कठीण झाल्याने होल खेळण्यापलीकडे जाते.

हुबेहूब प्रत आणि कायदा

तत्त्वाऐवजी रूपाची नक्कल करण्याचा मार्गही काहींनी अवलंबला. टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'टूर एटीन' या मैदानावर अमेरिकेतील प्रसिद्ध मैदानांवरील होलांच्या शक्य तितक्या हुबेहूब प्रती बांधण्यात आल्या. सामान्य खेळाडूला जेथे सहसा प्रवेश मिळत नाही अशी होल खेळण्याची संधी देणे, हे या मैदानाचे आकर्षण होते.

पेबल बीच, पाइनहर्स्ट व हार्बर टाउन या मैदानांच्या मालकांनी यावर दावा दाखल केला. १९९६ मध्ये जिल्हा न्यायालयाने दिलेला निकाल १९९८ मध्ये अपील न्यायालयाने मुख्यतः कायम ठेवला. हार्बर टाउनच्या अठराव्या होलमागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह आहे. ते त्या मैदानाची ओळखखूण ठरते, म्हणून त्याची प्रत काढून टाकण्याचा आदेश झाला. मूळ मालकांशी आपला संबंध नाही, हे स्पष्ट करण्याचे बंधनही टूर एटीनवर आले. परंतु पेबल बीच व पाइनहर्स्ट येथील होलांची रचना तशी संरक्षित ओळखखूण असल्याचे न्यायालयाने मान्य केले नाही. ज्या दीपगृहावरून वाद पेटला, त्याचा त्या होलच्या खेळाशी फारसा संबंध नव्हता, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

नष्ट झालेली मूळ होल

मूळ होल नाहीसे होऊन केवळ त्याच्या अनुकृती उरल्याचीही उदाहरणे आहेत. बियारिट्स येथील मूळ होल आज अस्तित्वात नाही. अमेरिकेतील नमुने, विशेषतः येलचे नववे होल, हीच आता त्याची ओळख आहे.

मॅकडोनल्ड व रेनॉर यांनी लाँग आयलंडवरच बांधलेले लिडो हे मैदान पहिल्या महायुद्धाच्या काळात पूर्ण झाले. दलदलीच्या जागी समुद्रातून उपसलेली वाळू टाकून त्याची जमीन तयार केली होती. दुसऱ्या महायुद्धात ती जागा नौदलाने घेतली आणि मैदान नष्ट झाले. जुनी छायाचित्रे व नकाशे यांवरून तयार केलेल्या संगणकीय प्रतिमानाच्या आधारे, टॉम डोक यांच्या देखरेखीखाली ते विस्कॉन्सिन राज्यातील सँड व्हॅली येथे पुन्हा बांधण्यात आले आणि २०२३ मध्ये खुले झाले. येथे उद्देश पुनर्निर्मितीचा असल्याने मूळ मापांशी शक्य तितके इमान राखण्यात आले. ओरेगन राज्यातील बँडन ड्यून्स येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या 'ओल्ड मॅकडोनल्ड' या मैदानाची भूमिका याहून वेगळी आहे. डोक व जिम अर्बिना यांनी तेथे मॅकडोनल्ड यांचे नमुने पॅसिफिक किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत नव्याने योजले.

मूल्यमापन

टेम्पलेट होलांवर मुख्य आक्षेप असा घेतला जातो की, प्रत्येक मैदानावर तेच चार-पाच नमुने योजल्याने जमिनीचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दडपले जाते व रचनाकाराची कल्पकता खुंटते. रेनॉर यांच्या काही ग्रीनच्या कडा भूमितीतील आकृतींप्रमाणे सरळ व कोनदार असल्याने ती कृत्रिम दिसतात, अशीही टीका होते.

समर्थकांच्या मते नमुना हा केवळ आरंभबिंदू असतो. एकाच रचनाकाराने बांधलेले दोन रेडॅनही वारा, लांबी, उताराचे प्रमाण व बंकरची खोली यांमुळे वेगळे खेळतात. शिवाय खेळाडूला नमुना ओळखीचा असल्यास त्या जागेने त्यात कोणता बदल घडवला, याकडे त्याचे लक्ष जाते. विसाव्या शतकाच्या मध्यात यांपैकी अनेक होल जुनाट समजून बदलण्यात आली होती. १९९० च्या दशकापासून मात्र जुन्या छायाचित्रांच्या साहाय्याने त्यांचे मूळ आकार परत आणण्याची कामे अनेक क्लबांनी हाती घेतली आहेत. या कामांत बुजलेले बंकर पुन्हा खणणे, आकसलेली ग्रीन मूळ विस्तारापर्यंत वाढवणे आणि मैदानाला दिले जाणारे पाणी कमी करून जमीन टणक राखणे यांवर भर असतो.